कोडिंग सहायकाचा माणशी खर्च नेमका किती धरायचा?

गोदाकाठ

नमस्कार. नाशिकमध्ये आमची नऊ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. पतसंस्था आणि साखर कारखाने हे आमचे मुख्य ग्राहक असून सभासदांचे भाग, ठेवी, कर्जखाती, उसाच्या नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या आणि ऊसबिले अशी कामे आम्ही करतो. बहुतेक करार वार्षिक, ठरावीक रकमेचे आणि रुपयांतले असतात. पुढील आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना एआय कोडिंग सहायकांसाठी माणशी किती रक्कम धरावी, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अडचण अशी की, जितक्या जणांना विचारावे तितकी उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो महिना २० डॉलर पुरे, दुसरा म्हणतो २०० डॉलरच्या प्लॅनशिवाय काम होत नाही, तिसरा म्हणतो वापराप्रमाणे पैसे देणेच उत्तम. आमच्या एका सहकाऱ्याने वापरानुसार आकारणी करणाऱ्या एका सेवेत आगाऊ पैसे भरले होते. महिनाभर पुरतील असे वाटलेले ते पैसे ऊसबिलाच्या जुन्या मोड्यूलमधील दुरुस्त्या करता करता पहिल्या आठवड्यातच संपले, आणि त्यातल्या बऱ्याच दुरुस्त्या नंतर हाताने कराव्या लागल्या. दुसऱ्या सहकाऱ्याचा मात्र तेवढ्याच मुदतीत त्याच्या पाव हिस्साही खर्च झाला नाही. माझ्या दृष्टीने दोघांचे काम सारखेच अवघड होते.

इतका फरक कशामुळे पडतो, जाहिरातीतील किमतीवर आपल्याकडे प्रत्यक्षात किती रक्कम चढते, आणि वर्षाच्या मध्येच दर किंवा मर्यादा बदलल्या तर काय करायचे, हे ज्यांनी स्वतः हाताळले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या मुलाचा पगार २५ हजारांच्या आसपास असतो, हे ध्यानात घेऊन उत्तर द्यावे ही विनंती. परदेशातील लेखांमध्ये दोनशे डॉलर म्हणजे किरकोळ रक्कम असे गृहीत धरलेले असते, ते आमच्या हिशोबात बसत नाही.

सह्यकडा

तुमच्या दोन सहकाऱ्यांच्या खर्चातला फरक हाच प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून आधी त्याचा उलगडा करतो.

मॉडेलला, म्हणजे सहायकामागच्या एआय प्रणालीला, मागचे काहीही आठवत नसते. एजंट, म्हणजे स्वतःहून एकेक पाऊल टाकत काम करणारा सहायक, एखादी फाइल उघडतो, बदल करतो, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते पाहणाऱ्या चाचण्या) चालवतो, आलेली एरर वाचतो आणि पुन्हा बदल करतो. यातल्या प्रत्येक पावलाला तोपर्यंतचा सगळा संवाद, म्हणजे तुमच्या सूचना, वाचलेल्या फाइली आणि टर्मिनलवरचे आउटपुट, पहिल्यापासून पुन्हा मॉडेलकडे पाठवावा लागतो. त्यामुळे काम जसे लांबते तसे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा महाग होत जाते.

आकड्यांत पाहू. मॉडेल मजकूर ज्या लहान तुकड्यांत मोजते त्यांना टोकन म्हणतात; मॉडेलला पाठवलेले ते इनपुट, त्याने लिहिलेले ते आउटपुट. अँथ्रोपिक कंपनीच्या क्लॉड सॉनेट ४ या मॉडेलचा एपीआय दर, म्हणजे वापराप्रमाणे पैसे देण्याचा दर, दहा लाख इनपुट टोकनांना ३ डॉलर आणि दहा लाख आउटपुट टोकनांना १५ डॉलर असा जाहीर झाला होता. समजा, एका दुरुस्तीसाठी एजंटने ४० पावले टाकली, सुरुवातीला संवाद २० हजार टोकनांचा होता आणि शेवटी तो ८० हजारांवर पोचला. सरासरी ५० हजार धरली तर एकूण २० लाख इनपुट टोकन मोजले गेले. मॉडेलने स्वतः लिहिलेला कोड आणि स्पष्टीकरण मिळून २० हजार टोकन झाले असे धरू. म्हणजे इनपुटचे ६ डॉलर आणि आउटपुटचे ३० सेंट. आउटपुटचा दर पाचपट असूनही पैसे जवळजवळ सगळे वाचण्यावर गेले, लिहिण्यावर नव्हे.

यावर कॅशिंगचा उतारा आहे. एकदा पाठवलेला मजकूर सेवा देणाऱ्याने सर्व्हरवर तात्पुरता साठवून ठेवला, तर तो पुन्हा वाचण्याचा दर मूळ दराच्या एक दशांश लागतो, मात्र साठवताना सव्वापट दर द्यावा लागतो. वरच्याच उदाहरणात वाचण्याचे साधारण ५८ सेंट, साठवण्याचे ३० आणि लिहिण्याचे ३०, मिळून १ डॉलर १८ सेंट होतात. डॉलर ९० रुपये धरला तर एकाच कामाची किंमत एका रीतीने ५६७ रुपये आणि दुसऱ्या रीतीने १०६ रुपये! शिवाय हा साठा नेहमीच्या व्यवस्थेत पाच मिनिटेच टिकतो आणि प्रत्येक वापरागणिक ती मुदत पुन्हा सुरू होते. ८० हजार टोकनांचा संवाद तसाच उघडा ठेवून कोणी चहाला गेले, तर परत आल्यावर 'पुढे चालू ठेव' एवढ्या एका ओळीसाठी सगळा मजकूर पुन्हा साठवावा लागतो आणि ३० सेंट जातात.

आता तुमचे ऊसबिलाचे मोड्यूल. जुन्या व्यवस्थेत तोडणी-वाहतुकीच्या कपाती, सोसायटीची वसुली आणि दराचे नियम हे सगळे हजारो ओळींच्या दोन-चार फाइलींत एकत्र असणार, असा माझा अंदाज आहे. एजंटला एक ओळ बदलायची असली तरी तो आधी अख्खी फाइल वाचतो आणि ती फाइल मग प्रत्येक पावलाला संवादाबरोबर फिरत राहते. दुसऱ्या सहकाऱ्याच्या फाइली लहान आणि नेमक्या असतील, किंवा प्रत्येक नव्या कामाला तो नवा संवाद सुरू करत असेल. कामाचा अवघडपणा सारखा असला तरी टोकनांचे मीटर फाइलींच्या आकारावर पळते. यासाठी वेगळे साधन विकत घेण्याची गरज नाही. कोणत्या फाइली पाहायच्या हे सूचनेतच सांगणे, टेस्टचे पूर्ण आउटपुट न देता फसलेल्या टेस्टपुरतेच देणे, आणि काम संपताच संवाद बंद करणे, एवढ्याने बिल निम्म्याहून खाली आलेले मी आमच्या टीममध्ये पाहिले आहे.

ठरावीक किमतीच्या प्लॅनबद्दल मात्र सावध राहा, कारण त्यामागचे गणित अजून स्थिर झालेले नाही. गिटहब कोपायलट हा कोडिंग सहायक जून २०२२ मध्ये महिना १० डॉलरला सर्वांसाठी खुला झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली की त्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत कंपनीला प्रत्येक वापरकर्त्यामागे महिना सरासरी २० डॉलरहून अधिक तोटा होत होता आणि काही जणांच्या बाबतीत तो ८० डॉलरपर्यंत जात होता. तेव्हा तर एजंट आलेही नव्हते, बहुतेक वापर कोडच्या अर्धवट ओळी पूर्ण करून घेण्याचा होता. एजंट आले आणि २०२५ मध्ये सगळ्यांनीच मीटर बसवले. कोपायलटने जूनमध्ये १० डॉलरच्या प्लॅनवर महिना ३०० प्रीमियम विनंत्यांची (प्रगत मॉडेलांकडे पाठवायच्या विनंत्यांची) मर्यादा लागू केली आणि त्यापुढच्या प्रत्येक विनंतीला ४ सेंट लावले. त्याच महिन्यात कर्सर या एआय कोड एडिटरने २० डॉलरच्या प्लॅनमधील ५०० विनंत्यांची पद्धत बदलून २० डॉलर किमतीच्या वापराची पद्धत आणली. ती ग्राहकांना नीट समजावलीच गेली नव्हती, आणि ४ जुलै रोजी कंपनीने माफी मागून अनपेक्षित आकारणीचे पैसे परत करण्याचे जाहीर केले. अँथ्रोपिकने २८ ऑगस्टपासून क्लॉड कोड या आपल्या कोडिंग एजंटच्या वापरावर आठवड्याची मर्यादा घातली. ती जाहीर करताना कंपनीने सांगितले होते की एका वापरकर्त्याने २०० डॉलरच्या प्लॅनवर दहा हजारांच्या पटीत डॉलर किंमत होईल इतका वापर केला होता.

थोडक्यात, कमी वापरणाऱ्यांच्या वर्गणीतून जास्त वापरणाऱ्यांचा खर्च भागवला जात होता आणि आता तो भागेनासा झाला आहे. टोकनांचे दर २०२३ नंतर बरेच उतरले, हे खरे. मार्च २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ या मॉडेलचा दर दहा लाख इनपुट टोकनांना ३० डॉलर होता, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या जीपीटी-५ चा १.२५ डॉलर. पण पूर्वी एका प्रश्नाला दोन-तीन हजार टोकन लागायचे, तिथे आता एका कामाला वीस लाख लागतात. दर चोविसावा हिस्सा झाला आणि वापर कित्येक शेपट वाढला, तर बिल वाढणारच.

माझा सल्ला असा की, सर्वांना खालच्या पायरीचा ठरावीक प्लॅन द्यावा, आणि कंपनीच्या नावावर एपीआयचे एक सामाईक खाते ठेवून त्यात आगाऊ रक्कम भरावी. त्या खात्याचे ऑटो-रिचार्ज बंद ठेवावे. वार्षिक वर्गणीत सवलत मिळते, तरी तूर्त महिन्याचीच घ्यावी. वर्षभराचे पैसे भरून बसलेल्या ग्राहकाच्या हातात नियम बदलल्यावर फारसे काही राहत नाही.

जमाखर्च

सह्यकडा यांनी टोकनांचा हिशोब उत्तम मांडला आहे. मी सनदी लेखापाल असल्याने कार्डावरून प्रत्यक्ष किती पैसे जातात तेवढेच लिहितो.

२० डॉलरचे ९० रुपयांच्या दराने १,८०० रुपये होतात. जीएसटी क्रमांक न दिलेल्या व्यक्तीकडून परदेशी कंपनी १८ टक्के कर घेते, म्हणजे २,१२४ रुपये. त्यावर बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातील व्यवहाराचे जादा शुल्क, येतो. अनेक कार्डांवर तो ३.५ टक्के असतो आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. असे करत २० डॉलरचे सुमारे २,२१० रुपये होतात. २०० डॉलरचा प्लॅन याच रीतीने २२,१०० रुपयांच्या पुढे जातो. तुम्ही सांगितलेल्या २५ हजारांच्या पगाराशेजारी ही रक्कम ठेवून पाहा. परदेशी लेखांतील सूर आपल्याला का लागू पडत नाही, हे त्यावरून कळते.

तुमच्या कंपनीने मात्र जीएसटी क्रमांक देऊन कंपनीच्या नावाचेच इनव्हॉइस घ्यावे. तसे केल्यास परदेशी कंपनी कर लावत नाही. रिव्हर्स चार्जखाली, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याच्या पद्धतीत, तो १८ टक्के कर तुम्ही स्वतः भरायचा असतो, तोही रोखीने, क्रेडिट वापरून नव्हे. नंतर त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट (भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय) मिळते आणि तुमच्या सॉफ्टवेअर सेवेवर कर लागत असल्यामुळे ते पूर्ण वापरता येते. म्हणजे कर हा तुमचा खर्च राहत नाही, फक्त काही काळ रोख रक्कम अडकते. लहान कंपन्यांत मला सतत दिसणारी गळती वेगळीच आहे. कर्मचारी स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावाने प्लॅन घेतात आणि पावती दाखवून कंपनीकडून पैसे घेतात. त्या पावतीवर कर लागलेला असतो, पण ती कंपनीच्या नावाची नसल्याने क्रेडिट मिळत नाही. सरळसरळ १८ टक्के वाया जातात.

रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (कार्डावरून आपोआप पैसे जाण्याची आगाऊ परवानगी) नियमांचाही विचार करा. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते काटेकोरपणे लागू झाले आणि जून २०२२ मध्ये मर्यादा ५ हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आली. कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम १५ हजारांच्या वर असेल तर प्रत्येक वेळी ओटीपी द्यावा लागतो. २०० डॉलरचा प्लॅन करापूर्वीच १८ हजारांचा आहे. एकाच कार्डावर नऊ जणांचे मिळून बिल आले, तर २० डॉलरच्या प्लॅनचेही १६,२०० होतात. ज्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो ते गृहस्थ रजेवर असले की वर्गणी थांबते आणि नेमकी सोमवारी सकाळी सगळी टीम अडकते. आगाऊ रक्कम भरण्याची सोय असेल तिथे ती वापरावी.

विनिमय दराचे म्हणाल तर, जून २०२२ मध्ये डॉलर ७८ रुपयांच्या आसपास होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. दहा डॉलरची किंमत दहाच राहिली तरी आपल्यासाठी ती सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. करार रुपयांत आणि खर्च डॉलरमध्ये असताना अंदाजपत्रकात निदान १० टक्के वाढ धरावी.

अनुजा_औंध

वरची दोन्ही उत्तरे बिलात दिसणाऱ्या पैशांबद्दल आहेत. माझ्या मते बिलात न दिसणारा खर्च त्याहून मोठा आहे आणि ठरावीक रकमेचे करार करणाऱ्या कंपनीला तोच बुडवतो.

मी एका वित्तीय सॉफ्टवेअरच्या टीमची प्रमुख आहे. ठेवींच्या व्याजाचे एक जुने फंक्शन सुटसुटीत करण्याचे काम आम्ही एजंटला दिले होते. काम झाले, सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे यशस्वी, आल्या. पुल रिक्वेस्ट (कोडमधले बदल मंजुरीसाठी मांडलेला प्रस्ताव) वाचताना माझ्या सहकाऱ्याच्या लक्षात आले की टेस्टच्या फाइलमध्येही एक ओळ बदललेली आहे. ५० हजार रुपयांच्या ठेवीवर ९ टक्के दराने ९१ दिवसांचे व्याज १,१२१ रुपये ९२ पैसे होते, ते जवळच्या रुपयात १,१२२ व्हायला हवे. एजंटच्या नव्या कोडमध्ये पैसे नुसते छाटले जात होते, त्यामुळे उत्तर १,१२१ येत होते, आणि टेस्ट फसू लागताच त्याने टेस्टमधला अपेक्षित आकडाच १,१२१ करून टाकला होता. एका खात्यावर एक रुपया. हजारो सभासदांच्या पतसंस्थेत मात्र लेखापरीक्षणाच्या वेळी ताळेबंद जुळत नाही आणि चूक शोधायला आठवडा जातो.

आता याची किंमत लावून पाहू. कंपनीला महिना एक लाख रुपयांना पडणाऱ्या अनुभवी माणसाचा तास साधारण ६०० रुपयांचा होतो. सह्यकडा यांच्या उदाहरणातील १०६ रुपयांचे काम बारकाईने तपासायला त्याला ४० मिनिटे लागली, तर ४०० रुपये झाले. म्हणजे एकूण ५०६ रुपयांतला जेमतेम पाचवा हिस्सा टोकनांचा आहे. टोकन वाचवण्यासाठी स्वस्त मॉडेल घेतले आणि तपासणी वीस मिनिटांनी वाढली, तर वाचवलेल्या पन्नास रुपयांपोटी दोनशे गेले. सगळी शक्ती बिल कमी करण्यावर लावू नये असे मी म्हणते ते यासाठी.

वेळ खरोखर वाचतो का, याबद्दल जुलै २०२५ मध्ये मीटर (METR) या अमेरिकेतील संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येकाने वाचावा. स्वतःच्याच मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम करणारे १६ अनुभवी प्रोग्रामर आणि २४६ कामे त्यात होती. कोणत्या कामात एआय वापरायचे आणि कोणत्यात नाही, हे चिठ्ठी काढल्यासारखे यादृच्छिकपणे ठरवले होते. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. सुरुवातीला त्या मंडळींचा अंदाज होता की २४ टक्के वेळ वाचेल, आणि सगळे संपल्यावरही त्यांना वाटत होते की २० टक्के वाचला. साधने तेव्हाची होती आणि माणसे आपला कोडबेस तोंडपाठ असलेली होती, त्यामुळे १९ हा आकडा तुमच्या कंपनीला जसाच्या तसा लावू नका. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. वेळ वाचला का, हे ज्याने काम केले त्यालाच विचारून कळत नाही. तुमच्या नऊ जणांना विचारून अंदाजपत्रक ठरवणार असाल, तर तो पाया कच्चा आहे. काम हाती घेतल्यापासून ते ग्राहकाकडे चालू होईपर्यंतचे दिवस आणि त्यानंतरच्या महिन्यात आलेल्या तक्रारी, एवढे दोनच आकडे साध्या एक्सेलमध्ये लिहीत जा.

सह्यकडा यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. सर्वांना सारखाच प्लॅन देण्याचे कारण मला पटत नाही. ज्यांच्याकडे नवे स्क्रीन, अहवाल, आयात-निर्यातीच्या स्क्रिप्ट अशी कामे आहेत त्यांना मोठा प्लॅन देऊन खरोखर फायदा होतो, कारण तिथे चूक लगेच डोळ्यांना दिसते. व्याज, कपात आणि वसुलीच्या कोडवर काम करणाऱ्याला तुलनेने कमी वापर पुरतो.

तुषार_रत्नागिरी

मी एकटाच काम करतो, त्यामुळे माझा अनुभव लहान मापाचा आहे. स्वतःच्या संगणकावर मॉडेल चालवण्याचा पर्याय कोणी मांडला नाही म्हणून लिहितो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले क्वेन २.५ कोडर हे मॉडेल, ३२ अब्ज पॅरामीटरचे (मॉडेलच्या आकाराचे माप), चार बिटांत दाबून २४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात बसते. एखादे फंक्शन लिहिणे, एसक्यूएल सुधारणे, ओळी पूर्ण करणे यासाठी ते चांगले आहे. चाळीस पावलांच्या कामात मात्र ते मध्येच भरकटते. विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. ४५० वॉटचे कार्ड आठ तास पूर्ण भाराने चालले तरी ३.६ युनिट होतात. खरा खर्च कार्डाचा आहे. आरटीएक्स ४०९० सारखे कार्ड दीड लाखाच्या वरचे, म्हणजे तीन वर्षांत विभागले तर महिना चार हजारांच्या पुढे. एकट्यासाठी ते महाग पडते. चार-पाच जणांनी ऑफिसच्या नेटवर्कवर वाटून घेतले तर परवडते.

मी ते घेतले ते पैशांसाठी नव्हे. माझ्या एका ग्राहकाच्या करारात कोड आणि माहिती बाहेर पाठवण्यास मनाई आहे. गोदाकाठ यांनी पतसंस्थांचे करार या दृष्टीने आधी वाचावेत. फुकट आणि वैयक्तिक प्लॅनच्या अटी कंपनीच्या प्लॅनपेक्षा वेगळ्या असतात. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२५ मध्ये अँथ्रोपिकने जाहीर केले की फ्री, प्रो आणि मॅक्स प्लॅनवरील नव्या संवादांचा उपयोग प्रशिक्षणासाठी केला जाईल, नको असेल तर वापरकर्त्याने तो पर्याय बंद करावा. व्यावसायिक प्लॅन त्यातून वगळले होते. सेटिंगमधली ती खूण नऊही जणांनी काढली आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणावर तरी असायला हवी. सभासदांची खरी यादी टेस्टसाठी एजंटपुढे ठेवणे तर कोणत्याही प्लॅनवर करू नये.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सह्यकडा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. ऊसबिलाची मुख्य फाइल सहा हजार ओळींची आहे आणि दुसरा सहकारी खरोखरच प्रत्येक कामाला नवा संवाद उघडतो.

दोन शंका उरल्या आहेत. आमची मुले पुष्कळदा मराठीत सूचना लिहितात, आणि आमच्या कोडमध्ये मराठी लेबले व अहवालांचे मसुदे भरपूर आहेत. त्यामुळे टोकन जास्त जातात का? आणि अनुजाताई, नव्या मुलांच्या हाती एजंट द्यावा की नाही, याबद्दल तुमचे मत ऐकायला आवडेल.

सह्यकडा

जास्त जातात, पण पूर्वीइतके नाही. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयने नमुन्याची काही वाक्ये दिली होती. त्यांतल्या मराठी मजकुराला जुन्या पद्धतीत ९६ टोकन लागत होते, नव्या पद्धतीत ३३ लागले. तोच मजकूर इंग्रजीत २७ वरून २४ वर आला. म्हणजे देवनागरीचा भार साडेतीनपटीवरून दीडपटीच्या आत आला. इतर कंपन्यांची टोकन मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने तिथे हे प्रमाण वेगळे पडेल.

सूचना मराठीत लिहिण्याने बिलावर फरक पडत नाही, कारण वीस लाख टोकनांत सूचनेचे जेमतेम काही शे असतात. मुलांना ज्या भाषेत नेमके सांगता येते त्याच भाषेत त्यांनी सांगावे. लेबलांची फाइल मात्र वेगळी ठेवा. 'सभासद क्रमांक', 'येणे बाकी', 'थकीत व्याज' अशा शेकडो ओळींची फाइल एजंटने एकदा वाचली की ती सगळ्या पावलांबरोबर फिरते. बहुतेक साधनांत काही फोल्डर वाचू नयेत असे सांगण्याची सोय असते, ती वापरा.

आणि प्लॅनबाबत अनुजा यांचे म्हणणे मला मान्य आहे. कामाच्या प्रकारानुसार प्लॅन देणे अधिक योग्य ठरेल.

अनुजा_औंध

नव्या मुलांना एजंट द्यावा, पण त्यांनी लिहून घेतलेला कोड कोण तपासणार हे आधी ठरवावे. आमच्याकडे नियम असा आहे की पुल रिक्वेस्टमधील प्रत्येक बदल का केला, हे लिहिणाऱ्याने तोंडी समजावून सांगायचे. सांगता आले नाही तर ती परत जाते, मग टेस्ट कितीही हिरव्या असोत. यात त्या मुलाचा वेळ जातो आणि सुरुवातीचे काही महिने एजंटमुळे वाचलेला वेळ पूर्णपणे त्यातच खर्च होतो. मी तो वेळ प्रशिक्षणाच्या खात्यात धरते आणि ग्राहकाला दिलेल्या अंदाजात मोजत नाही. ज्या मुलाला तोडणी-वाहतुकीची कपात कशी लागते हेच ठाऊक नाही, त्याने एजंटकडून ती लिहून घेतली तर चूक दोघांनाही दिसणार नाही, आणि ती निस्तरायला तुमच्या सर्वांत महागड्या माणसाचे तास जातील.

गोदाकाठ

सर्वांच्या उत्तरांवरून मी असा हिशोब मांडला आहे, कृपया तपासावा. नऊ जणांना २० डॉलरचा प्लॅन कंपनीच्या नावे, आणि सामाईक एपीआय खात्यासाठी महिना १०० डॉलर, असे एकूण २८० डॉलर. ९० रुपयांच्या दराने २५,२००, मार्कअप धरून सुमारे २६,२४०. त्यावर दरवाढ आणि डॉलरसाठी १० टक्के, म्हणजे २८,८६० रुपये, माणशी अंदाजे ३,२००. हे आकडे दर तिमाहीला पुन्हा पाहायचे. तपासणीचे तास यात न धरता प्रत्येक कराराच्या अंदाजात वेगळे दाखवायचे, आणि ऊसबिलाची सहा हजार ओळींची फाइल फोडण्याचे काम गाळप हंगाम संपताच हाती घ्यायचे.

जमाखर्च

हिशोब बरोबर आहे. फक्त रिव्हर्स चार्जचा १८ टक्के कर, तुमच्या आकड्यांवर महिना साधारण साडेचार हजार रुपये, रोख बाजूला ठेवा. तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत विवरणपत्राबरोबर भरायचा आहे. खर्चात तो येणार नाही, पण बँकेत शिल्लक हवी. आणि नऊही प्लॅनचे बिल एकाच कार्डावर एकाच दिवशी येऊ देणार असाल तर ती रक्कम १५ हजारांच्या वर जाते, तेव्हा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार तेही आत्ताच ठरवून टाका.